षड्ज बदलणारे गाणे

18 मे 1999 रोजी मंगळवार होता. अमेरिकेत त्या काळी नवे अल्बम मंगळवारी विक्रीस येत, आणि त्या मंगळवारी बॅकस्ट्रीट बॉइज या पाच जणांच्या गटाचा ‘मिलेनियम’ दुकानांत आला. मिरजेतल्या आमच्या घरी याची कुणाला खबर असण्याचे काही कारण नव्हते. इंग्लंडमध्ये क्रिकेटचा विश्वचषक चालू होता. दुसऱ्याच दिवशी प्राध्यापक रमेश तेंडुलकर गेल्याची बातमी आली, सचिन घरी येऊन पुन्हा इंग्लंडला गेला, आणि रविवारी 23 तारखेला ब्रिस्टलच्या मैदानावर केनियाविरुद्ध शतक झाल्यावर त्याने आभाळाकडे पाहिले, तेव्हा आई पदराने डोळे टिपत स्वयंपाकघरात निघून गेली. त्याच दिवसांत केव्हातरी, सामन्याच्या मधल्या सुट्टीत वाहिन्या बदलताना, पांढरे कपडे घातलेली पाच मुले विमानतळावर उभी राहून गाताना मी पहिल्यांदा पाहिली. मी पंधरा वर्षांची होते, मराठी माध्यमात शिकत होते आणि जूनपासून दहावीत जाणार होते.

कॅसेट हाती यायला जुलै उजाडला. सांगलीच्या दुकानदाराकडे नाव नोंदवून ठेवावे लागले, आणि सव्वाशे रुपये मामाने वाढदिवसाला दिलेल्या पैशांतून गेले. हिंदी चित्रपटाची कॅसेट त्याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत मिळत असल्यामुळे आईने हा व्यवहार बरेच दिवस मनाला लावून घेतला. घरात टेपरेकॉर्डर एकच होता आणि तो बाबांचा होता. बाबा टपाल खात्यात नोकरीला होते, पण त्यांचे खरे आयुष्य किराणा घराण्याच्या गाण्यात गेले. आमचे घर सतारमेकर गल्लीच्या मागच्या अंगाला होते. दारोदारी वाळत ठेवलेले भोपळे, लाकडाचा भुसा आणि दिवसभर कुठून तरी ऐकू येणारा, जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, लावताना पुन्हा पुन्हा तपासला जाणारा एकच सूर, अशा वातावरणात मी वाढले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या उरुसाच्या मैफिलीला मी बाबांच्या मांडीवर झोपले आहे. त्या टेपरेकॉर्डरमध्ये ‘मिलेनियम’ घालताना आपण काहीतरी चोरून करत आहोत, असे मला वाटत असे.

कॅसेटच्या एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला सहा, अशी बारा गाणी होती. मी एक फुलस्केप वही केली आणि पॉजचे बटण दाबत, मागे घेत, पुन्हा ऐकत एकेक ओळ उतरवू लागले. पहिल्या रकान्यात ऐकू आलेले इंग्रजी, दुसऱ्यात शब्दकोशातून काढलेले अर्थ आणि तिसऱ्यात मराठी भाषांतर, असा तो खटाटोप होता. बहुतेक गाणी निमूट शरण आली. प्रेम आहे, विरह आहे, मला सोडून जाऊ नकोस आहे; शब्द सोपे आणि वाक्ये लहान. अडले ते विमानतळावरचे गाणे, ‘आय वॉन्ट इट दॅट वे’. त्याच्या ध्रुवपदात गायक आधी म्हणतो की, मला हे ‘तसे’ हवे आहे, असे तुझ्या तोंडून मला कधीही ऐकायचे नाही. आणि शेवटाकडे तो स्वतःच म्हणतो की, मला हे ‘तसेच’ हवे आहे. आता ‘तसे’ म्हणजे कसे? सोबत राहणे की दूर जाणे? जे तिने म्हणू नये, तेच हा का म्हणतो? मी तिसऱ्या रकान्यात पेन्सिलीने चार वेगवेगळी भाषांतरे लिहिली आणि चारही खोडली. शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना विचारण्याचे धैर्य नव्हते. दोष माझ्या मराठी माध्यमाचा आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. कॉन्व्हेंटमधल्या मुलींना हे कळत असणारच, असे मी धरून चालले होते.

पुढे मी पोटापाण्यासाठी भाषांतराचेच काम करू लागले. ते गाणे कसे लिहिले गेले, हे मला वाचायला मिळाले तोवर वीसेक वर्षे उलटली होती, आणि ते वाचून मी बराच वेळ एकटीच हसत बसले. गाणे लिहिणारे दोघेही, मॅक्स मार्टिन आणि आंद्रेयास कार्लसन, स्वीडिश आहेत. इंग्रजी ही त्यांचीही शाळेत शिकलेली भाषा होती. गटातला सर्वांत वडीलधारा केविन रिचर्डसन याने एका मुलाखतीत सरळ कबूल केले आहे की, मॅक्सचे इंग्रजी पुढे खूप सुधारले, पण सुरुवातीला ते बेताचेच होते, आणि या गाण्याचा तसा काही अर्थ लागत नाही. म्हणजे ज्या ओळीपुढे मी पंधराव्या वर्षी मान खाली घातली होती, ती ओळ लिहिणाऱ्याचीही अवस्था माझ्याहून फार वेगळी नव्हती.

तो अल्बम स्टॉकहोमच्या ज्या कायरॉन स्टुडिओत मुख्यतः घडला, तिथली काम करण्याची रीत समजून घेतली की हे कोडे बरेचसे सुटते. डेनिझ पॉप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डीजेने 1992 मध्ये तो सुरू केला. त्याला वाद्यवादनाचे रीतसर शिक्षण नव्हते; नाचणाऱ्या लोकांचे पाय कोणत्या ठोक्याला थांबतात, हे मात्र त्याला नेमके ठाऊक होते. केस वाढवून रॉक गाणारा एक तरुण त्याच्या हाताखाली आला, त्याचे नाव बदलून मॅक्स मार्टिन झाले, आणि या दोघांनी मिळून एक पद्धत बसवली. आधी चाल पूर्ण करायची, ती तासून तासून अशी करायची की एकही स्वर जास्तीचा राहू नये, आणि मग त्या चालीच्या मापात बसतील असे शब्द शोधायचे. शब्दाची अक्षरे किती, स्वर मोकळा की मिटलेला, ओळीच्या शेवटी तोंड उघडे राहते की बंद होते, हे अर्थाच्या आधी पाहिले जाई. ओळीतले एक अक्षर वाढले तर चाल बिघडते म्हणून शब्द बदलायचा, पण शब्द सुचत नाही म्हणून चाल बदलायची नाही. याच स्टुडिओतून याच काळात ब्रिटनी स्पिअर्सचे पहिले गाणे बाहेर पडले, आणि त्यातला ‘हिट’ हा शब्द ‘फोन कर’ या अर्थाने योजला होता, अशी हकिकत प्रसिद्ध आहे.

आपल्याकडे हे कुणाला नवल वाटू नये. चालीवर शब्द बसवणे हा आपल्या चित्रपटसंगीताचा रोजचा व्यवहार आहे. संगीतकार आधी निरर्थक डमी शब्दांवर चाल ऐकवतो आणि कवी त्या मीटरवर गीत लिहितो. फरक इतकाच की, आपल्याकडे डमी शब्द ध्वनिमुद्रणाच्या आधी काढून टाकतात. स्टॉकहोममध्ये ते, निदान या एका गाण्यापुरते, जवळजवळ तसेच राहिले असावेत, असा माझा कयास आहे.

गाणारी मुले अर्थातच स्वीडिश नव्हती. फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहरात 1993 मध्ये लू पर्लमन नावाच्या, जाहिरातींची हवाई जहाजे भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकाने हा गट जमवला, आणि तिथल्या एका जुन्या बाजाराच्या नावावरून त्याचे नाव ठेवले. केविन आणि ब्रायन लिट्रेल हे नात्यातले भाऊ केंटकीचे, चर्चमध्ये गाऊन तयार झालेले, ए. जे. मॅक्लीन, हाउई डरो आणि वयाने सर्वांत लहान असलेला निक कार्टर हे फ्लोरिडाचे. 1995 मध्ये ते पहिल्यांदा स्टॉकहोमला गेले, गाणी घेऊन आले, आणि त्यांची कीर्ती आधी जर्मनीत आणि कॅनडात झाली. मायदेशाने त्यांना 1997 पर्यंत फारसे विचारले नाही. पैशांचा हिशेब मात्र वेगळाच होता. करारानुसार पर्लमन स्वतःला गटाचा सहावा सभासद समजून त्याप्रमाणे वाटा घेत असे. 1998 मध्ये ब्रायनने आणि त्याच्या मागोमाग इतरांनी न्यायालयात धाव घेतली. आपल्या श्रमांवर पर्लमनने सुमारे 1 कोटी डॉलर मिळवले आणि आम्हा पाचांच्या हाती मिळून 3 लाख पडले, असा त्यांचा दावा होता. प्रकरण तडजोडीने मिटले. हाच पर्लमन पुढे गुंतवणूकदारांना 30 कोटी डॉलरहून अधिक रकमेला फसवल्याबद्दल 2008 मध्ये पंचवीस वर्षांसाठी तुरुंगात गेला आणि 2016 मध्ये तिथेच वारला. त्याच्याविषयी याहून अधिक लिहिण्याची माझी इच्छा नाही.

मला अधिक सांगायचे आहे ते 1998 या वर्षाविषयी, कारण ‘मिलेनियम’ त्या वर्षाच्या पोटातून आला. ब्रायनच्या हृदयाला जन्मतःच छिद्र होते. दौऱ्याच्या तारखांमुळे पुढे ढकलली गेलेली त्याची शस्त्रक्रिया अखेर मे महिन्यात झाली, आणि दोनएक महिन्यांत तो पुन्हा मंचावर उभा राहिला. 30 ऑगस्टला डेनिझ पॉप पोटाच्या कर्करोगाने गेला. तो अवघा पस्तीस वर्षांचा होता. त्याच सुमारास हाउईची बहीण ल्यूपस या आजाराने गेली. आधीच्या व्यवस्थापकांशी फारकत झालेली, कोर्टकचेरी चालू, आणि ज्याने आपला आवाज घडवला तो माणूस आता स्टुडिओत नाही, अशा स्थितीत पुढचे ध्वनिमुद्रण मॅक्स मार्टिन आणि त्याच्या सोबत्यांनी पुरे केले. एकटेपणाचा अर्थ मला दाखव, असे म्हणणारे अल्बममधले तिसरे गाणे मॅक्स आणि हर्बी क्रिचलो यांनी लिहिले आहे. पंधराव्या वर्षी मला ते प्रेमभंगाचे वाटले होते. आता ऐकताना मला त्यात प्रेयसी दिसतच नाही. त्याच्या चित्रफितीत रुग्णालयाची खाट येते, आणि ती कुणाची आहे हे माहीत झाल्यावर तिच्याकडे नुसता देखावा म्हणून पाहता येत नाही.

अल्बमच्या मुखपृष्ठावर मात्र यातले काही नाही. पांढऱ्या, फिकट निळसर उजेडात पाच जण पांढरे कपडे घालून उभे आहेत, आणि नव्या सहस्रकाची जाहिरात म्हणून ते चित्र चोख आहे. विक्रीचे गणितही तितकेच चोख होते. ‘आय वॉन्ट इट दॅट वे’ हे गाणे एप्रिलमध्येच रेडिओवर वाजू लागले होते, पण अमेरिकेतल्या दुकानांत ते सुटे विकायला ठेवलेच नाही; ज्याला ते हवे त्याने मे महिन्यापर्यंत थांबावे आणि पुरा अल्बम विकत घ्यावा, असा त्यामागचा सरळ हिशेब. म्हणूनच ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले हे गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत केवळ रेडिओच्या बळावर सहाव्या क्रमांकापर्यंत पोचले. पहिल्या आठवड्यात ‘मिलेनियम’च्या अमेरिकेत 11 लाख 34 हजारांच्या आसपास प्रती खपल्या. त्याआधीचा उच्चांक गार्थ ब्रुक्स या गायकाचा, 10 लाख 85 हजारांचा होता आणि त्याला सहा महिनेच झाले होते. हे आकडे इतके नेमके मिळतात, कारण 1991 पासून तिथे दुकानाच्या गल्ल्यावर बारकोड वाचून विक्री मोजली जात होती. प्रकाशनाच्या दिवशी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये इतकी गर्दी लोटली की वाहतूक अडवावी लागली. वर्षअखेरीस तो 94 लाख प्रतींसह त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला.

उच्चांक दहा महिने टिकला. मार्च 2000 मध्ये एन सिंक या गटाने पहिल्याच आठवड्यात 24 लाख प्रती विकल्या. हा गट पर्लमननेच उभा केलेला, त्याच्याशी तसाच भांडून बाहेर पडलेला आणि आता बॅकस्ट्रीट बॉइजच्याच जाइव्ह या ध्वनिमुद्रण कंपनीत येऊन बसलेला होता. त्यांचा आकडा मोडायला 2015 मध्ये गायिका अडेल यावी लागली. मधल्या काळात दुकानेच ओस पडली. ‘मिलेनियम’ आल्यानंतर अवघ्या काही दिवसांत, जून 1999 मध्ये, नॅपस्टर सुरू झाले होते आणि गाणी फुकटात एका संगणकावरून दुसऱ्यावर जाऊ लागली होती. अमेरिकेत ध्वनिमुद्रित संगीताचा धंदा त्या वर्षी 14.6 अब्ज डॉलरवर पोचला आणि त्यानंतर वर्षानुवर्षे उतरत गेला. दुकानापुढे रांग लावून वस्तू म्हणून गाणे घरी आणण्याचा तो शेवटचा मोठा हंगाम होता. मी सांगलीच्या दुकानदाराकडे नाव नोंदवले, ते त्याच रांगेचे अगदी टोक म्हणायचे.

आता एक कबुली. अल्बमची दुसरी बाजू मला तेव्हाही आवडली नाही आणि आजही आवडत नाही. पहिली तीन गाणी अशी आहेत की, त्यातले एकही काढून ठेवता येत नाही. पहिले तर चाहत्यांचे आभार मानण्यासाठी लिहिलेले, ब्रायनचा लेखनात हात असलेले आहे. त्यानंतर मात्र कारागिरी उरते आणि चमक ओसरते. स्पेनच्या डोळ्यांचे वर्णन करणारे गाणे मी नेहमी पुढे ढकलत असे, आणि त्यापायी बाबांच्या टेपरेकॉर्डरचे बटण सैल झाले, हा आरोप माझ्यावर आजतागायत आहे. ब्रायनने आईसाठी लिहिलेले शेवटचे गाणे तेवढे मला भिडते, कारण त्यात त्याच्या गावच्या शाळेतले गायकवृंद आहे आणि त्या आवाजांना स्टॉकहोमची इस्त्री फिरलेली नाही. 2000 च्या ग्रॅमी पुरस्कारांसाठी या अल्बमला पाच नामांकने मिळाली आणि एकही पुरस्कार मिळाला नाही. वर्षातला सर्वोत्तम अल्बम कार्लोस सँटानाचा ठरला. परीक्षक चुकले, असे मला म्हणवत नाही. अकरा लाख लोकांनी एका आठवड्यात विकत घेतलेली गोष्ट पुऱ्या बारा गाण्यांची नव्हतीच. ती तीन गाण्यांची होती.

बाबांनी त्यातले एकच गाणे लक्ष देऊन ऐकले. श्रावणातल्या एका रविवारी मी वहीवर डोके धरून बसलेली असताना ते शेजारी येऊन टेकले आणि म्हणाले, “लाव बघू ते तुझं.” पहिल्या कडव्यात त्यांनी विचारले, “शब्द काय आहेत?” मी सांगितले की तेच तर लागत नाहीत. ते म्हणाले, “मग ऐकतेस कशाला?” मला तेव्हा कुठून धीर आला कोण जाणे; मी म्हणाले, “बाबा, खाँसाहेबांच्या ख्यालात तरी तुम्हाला शब्द कुठे कळतात?” हे खरे होते. किराणा घराण्यावर पूर्वीपासून हाच आक्षेप आहे की, त्यांना सुराच्या नादात बंदिशीच्या बोलांचे भान राहत नाही, आणि बाबा हा आक्षेप कुणी घेतला की तासभर वाद घालत. त्या दिवशी त्यांनी वाद घातला नाही. ते पुढे ऐकत राहिले. पाचही आवाज एकावर एक चढले तेव्हा त्यांनी मान हलवली, आणि नंतर ती जागा आली, जिथे सगळे क्षणभर थांबते आणि अख्खे ध्रुवपद एक पूर्ण स्वर वर चढून पुन्हा सुरू होते.

बाबा दचकले. “अगं, यांनी षड्ज बदलला!”

त्यांनी उठून पेटी काढली, मला मागे घ्यायला लावले, आणि ताडून पाहिले. पांढरी सहावर, म्हणजे पेटीची सहावी पांढरी पट्टी षड्ज धरून, चाललेले गाणे पांढरी सातवर गेले होते. ज्याच्या संगीतात एकदा तानपुरा लावला की पहाट होईपर्यंत षड्ज, म्हणजे आधाराचा ‘सा’, जागचा हलत नाही, त्याला हे जमीन सरकल्यासारखे वाटले असणार. “मग यांचा तानपुरा कोण बदलतो मधेच?” असे त्यांनी मला खरोखर विचारले. मी सांगितले की यांना तानपुरा नसतो. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पेटीवर आधी सहाच्या आणि नंतर सातच्या षड्जावर तीच ओळ त्यांनी दोनदा वाजवली आणि म्हणाले, “बोलात काही नाही, म्हणून सूर उचलतात. लबाड आहेत.” त्यांच्या तोंडी लबाड हा शब्द शिवीही असे आणि दादही.

त्या गाण्याची दुसरी प्रत अस्तित्वात आहे, हे मला फार उशिरा कळले. शब्दांना अर्थ असायला हवा, अशी शंका निघाल्यावर ओळी बदलून तीच चाल पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यात आली होती. तिच्यात ‘तसे’चे कोडे नव्हते. निरोप घ्यायचा नाही, आणि तू ‘तसे’ म्हणतेस ते ऐकायला मला आवडते, असे तिचे सरळ म्हणणे होते. दोन्ही ऐकून गटाने पहिली, न कळणारी प्रतच अल्बममध्ये ठेवायची असे ठरवले. ही दुसरी प्रत मला इंटरनेटवर सापडली तेव्हा मी माझ्या कामाच्या टेबलाशी बसून ती ऐकली. तेच आवाज, तीच चाल, तीच षड्ज बदलण्याची जागा. एका ऐकण्यात सगळे कळले आणि भाषांतर मनातल्या मनात होऊनही गेले. चूक शोधावी अशी एकही ओळ तिच्यात नव्हती. गाणे संपल्यावर मी पुन्हा पहिलीच प्रत लावली.

4 मे 2023 रोजी ते पाचही जण मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जिओ वर्ल्ड गार्डनमध्ये गायले. मी आणि माझी धाकटी बहीण पुण्याहून गेलो होतो. मे महिन्याचा मुंबईचा उकाडा, घामाने भिजलेले कपडे, आणि भोवती आमच्याच वयाच्या, चाळिशीला टेकलेल्या बायका. कुणी घरी मुलांना आजीकडे ठेवून आलेल्या, कुणी कार्यालयाची ओळखपत्रे गळ्यात तशीच ठेवून आलेल्या. मंचावरच्या माणसांच्या दाढ्या पिकू लागल्या होत्या. ते गाणे शेवटाकडे आले. पहिल्या ओळीपासून सगळे मैदान गात होते, आणि आमच्या मागच्या रांगेत कुणी ‘वे’ म्हणत होते, कुणी ‘व्हे’. मी वहीतल्या पहिल्या रकान्याप्रमाणे गात होते. त्यातले दोन शब्द चुकीचे आहेत हे मला आता माहीत आहे, पण तोंडाला तेच बसले आहेत.

मधली ती थांबण्याची जागा आली तेव्हा धाकटीने माझा दंड धरला आणि कानाशी ओरडली, “ताई, आता षड्ज बदलणार!” ते वर गेले. धाकटी त्यांच्याबरोबर गेली. माझा आवाज वरच्या स्वराला पोचण्याआधीच फाटला, आणि शेवटचे ध्रुवपद मी खालच्या सप्तकात म्हटले.